ही तबकडी ऐकून पाहा

एखाद्या नाट्यपदाची शिफारस करणे फारसे अवघड नसते. त्याचा मुखडा गुणगुणून दाखवावा, गायकाचे नाव सांगावे, की ऐकणाऱ्याचे कुतूहल आपोआप जागे होते. परंतु ज्या संगीतात शब्द नाहीत, गायक नाही, ठेका असलाच तर दुरून येणारा, आणि ज्यातील एकेक रचना वीस-तीस मिनिटे संथपणे चालत राहते, त्याची गोडी दुसऱ्याला सांगावी तरी कशी? गुणगुणून दाखवण्याजोगे त्यात बहुधा काहीच नसते. तरीही, वाचकहो, गेली पन्नास वर्षे देशोदेशींचे रसिक अशाच तबकड्या एकमेकांना सुचवीत आले आहेत. किंबहुना हे संगीत मुख्यतः त्या सुचवण्यावरच जगले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या संगीताची दोन घराणी मानली जातात, आणि दोहोंचे रसिक बहुतेक एकच. पहिले अँबियंट, म्हणजे सभोवारच्या वातावरणात मिसळून जाणारे. आपण त्याला परिसरसंगीत म्हणू. दुसरे प्रोग्रेसिव्ह इलेक्ट्रॉनिक. १९७० नंतरच्या दशकात, विशेषतः त्या वेळच्या पश्चिम जर्मनीत, ते वाढले. विजेच्या कंपनांतून स्वर निर्माण करणारा सिंथेसायझर हे त्याचे मुख्य वाद्य, आणि ठरवून दिलेली स्वरमालिका न थकता घोळवीत राहणारा सीक्वेन्सर हा त्याचा साथीदार.

परिसरसंगीताचा जन्म एका भेट दिलेल्या तबकडीतून झाला, ही गोष्ट आपल्या विषयाला फारच सोयीची आहे. १९७५ च्या आरंभी लंडनमध्ये टॅक्सीची धडक बसून ब्रायन ईनो हा तरुण संगीतकार अंथरुणाला खिळला होता. त्याच्या समाचारास आलेल्या जूडी नायलन या मैत्रिणीने अठराव्या शतकातील हार्पवादनाची एक तबकडी आणली. ईनोने लिहून ठेवले आहे, की ती गेल्यावर आपण मोठ्या कष्टाने उठून तबकडी लावली आणि पुन्हा आडवे झाल्यावर लक्षात आले, की आवाज फारच लहान आहे आणि दोहोंपैकी एक ध्वनिक्षेपक मुकाच आहे. पुन्हा उठण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस पडत होता, आणि त्या पावसात हार्पचे जेवढे स्वर तरंगून वर येत तेवढेच ऐकू येत होते. संगीत हे खोलीतील उजेडासारखे, पावसाच्या आवाजासारखे, परिसराचाच एक भाग होऊ शकते, हे त्याला तेव्हा उमगले. जूडी नायलन यांनी मात्र पुढे निराळी हकिकत सांगितली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पावसाशी जुळवून आवाज मुद्दामच लहान ठेवला होता. मला ही दुसरी हकिकत अधिक पटते. जो तबकडी आणून देतो तो ती कशी ऐकावी हेही सांगतो, आणि या संगीताच्या बाबतीत तर निम्मी शिफारस तीच असते.

त्याच वर्षी ईनोची ‘डिस्क्रीट म्युझिक’ निघाली. तिची एक संपूर्ण बाजू एकाच अर्ध्या तासाच्या रचनेने व्यापली आहे. १९७८ साली आली ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’. विमानतळावरील ताटकळणाऱ्या माणसाला धीर वाटेल असे संगीत, ही तिची कल्पना. तिच्या घडणीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तालाची आवर्तने मोजणाऱ्या आपल्या वाचकांना त्यातील गंमत चटकन कळेल. तिच्यातील एका रचनेसाठी ईनोने गळ्यातून काढलेला एकेक दीर्घ स्वर ध्वनिफितीवर घेतला आणि त्या फितीची टोके जोडून तिचे वेटोळे केले. वेटोळे इतके लांब, की ते स्टुडिओतील खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवावे लागले. पहिला स्वर सुमारे साडेतेवीस सेकंदांनी पुन्हा येई, दुसरा पंचवीस पूर्णांक सात अष्टमांश सेकंदांनी, तिसरा एकोणतीस पूर्णांक पंधरा षोडशांश सेकंदांनी. आता प्रत्येकाची लय निराळी असल्यामुळे ते कधी एकमेकांवर येतात, कधी दूर जातात, आणि दर वेळी नवीच स्वराकृती उमटते. ईनोने दिलेले हे आकडे अंदाजाचे आहेत. परंतु ते अगदी काटेकोर धरून आपल्या घरातील शाळकरी मुलाकडून लघुतम साधारण विभाज्य काढून घ्या. तिन्ही स्वर एकत्र सुरू झाले तर पुन्हा एकाच क्षणी समेवर यावयास त्यांना जवळजवळ २७ दिवस लागतील! मूळ रचनेत तर असे स्वर तीनहून अधिक आहेत.

अशी तबकडी कोणी ‘ही फार सुंदर आहे’ एवढेच म्हणून आपल्या हाती ठेवली, तर आपण पाच मिनिटांत कंटाळून ती बंद करू. जाणते रसिक तसे करीत नाहीत. ते प्रथम विचारतात, आपणांला आवडते काय? संतूरचा नाद असलेल्या माणसाला ते लाराजीची ‘डे ऑफ रेडियन्स’ देतील. हा लाराजी न्यूयॉर्कच्या एका उद्यानात झिथर नावाचे तंतुवाद्य वाजवीत बसे. तेथे ईनोने त्याला ऐकले आणि १९८० साली त्याची ही तबकडी काढली. काठ्यांनी छेडलेल्या तारांचा तो झणत्कार आपल्या कानांना परका वाटत नाही. तथापि तिची पहिली बाजू द्रुत आहे, दुसरी विलंबित. दिवेलागणीनंतर ऐकावयाची असेल तर दुसरीच बाजू आधी लावावी. पियानो आवडणाऱ्याला त्याच सालची हॅरल्ड बड आणि ईनो यांची ‘द प्लेटो ऑफ मिरर’ द्यावी. घरात लहान मुले असतील आणि थोडी धून, थोडा ठेका हवा असेल, तर फ्रान्सच्या जाँ-मिशेल जारची ‘ऑक्सिजेन’. १९७६ सालची ही तबकडी त्याने पॅरिसमधील आपल्या राहत्या घरीच ध्वनिमुद्रित केली होती, आणि ती पुढे जगभर खपली.

ज्याला आलाप प्रिय आहे, राग सावकाश उलगडत जाताना घड्याळाकडे पाहण्याची ज्याला आठवण होत नाही, त्याच्यासाठी बर्लिनच्या क्लाउस शुल्ट्सेची ‘टाइमविंड’ राखून ठेवावी. १९७५ सालच्या या तबकडीत दोनच रचना आहेत, प्रत्येकी जवळजवळ अर्ध्या तासाची, आणि दोन्ही वाग्नर या थोर जर्मन संगीतकाराच्या स्मृतीला वाहिलेल्या. येथे सुरावट शोधू नये. ढग जसे आकार बदलतात तसे स्वर बदलत जातात.

ठेक्याचे वेड असलेल्यांसाठी मानुएल ग्योटशिंगची ‘ई टू – ई फोर’ आहे. बुद्धिबळ खेळणाऱ्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. राजापुढील प्यादे दोन घरे पुढे सरकवण्याची ती खूण. १२ डिसेंबर १९८१ रोजी ग्योटशिंगने आपल्या बर्लिनच्या स्टुडिओत एकट्याने, एकाच बैठकीत, सुमारे तासाभराचे हे वादन केले, तेही प्रवासात स्वतःला ऐकावयास काही असावे म्हणून! तबकडी निघाली १९८४ साली. दोनच स्वरसंगतींवर ती अखंड डोलत राहते आणि अर्ध्या वाटेवर गिटार प्रवेश करते. ही गोष्ट ऐकणाऱ्याला आधी सांगावी की नाही यावर रसिकांत मतभेद आहेत. मी सांगून टाकतो. वाट पाहण्यातही सुख असते.

आणि मग ‘फायड्रा’. टँजेरीन ड्रीम या जर्मन त्रयीची ही तबकडी १९७४ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी त्यांच्या ‘आटेम’ या तबकडीला जॉन पील या बी.बी.सी.च्या निवेदकाने १९७३ सालची आपली सर्वांत आवडती तबकडी म्हटले होते, आणि त्या एका शिफारशीने ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी दार उघडले. ‘फायड्रा’मध्ये गाणे नाही, तरीही ती ब्रिटनच्या खपाच्या यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत गेली. त्या काळचा मूग सिंथेसायझर मोठा नाजूक. तापला की त्याचे स्वर ढळत. मुख्य रचनेत खर्जाची मालिका अशी हलकेच सरकताना स्पष्ट ऐकू येते, आणि वादकांनी ते तसेच राहू दिले. उन्हाळ्यात मैफल रंगत असताना तंबोरा उतरतो आणि पुन्हा जुळवावा लागतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या यंत्राविषयी आपुलकी वाटेल. एकाने ‘फायड्रा’ सुचवली, की दुसरा ‘नव्हे, पुढल्या वर्षीची रुबिकॉन’ म्हणणारच. हा वाद मिटण्याची चिन्हे नाहीत. मिटू नये हेच बरे.

ज्यांना सुचवणारा मित्र नव्हता त्यांच्यासाठी नभोवाणी होती. अमेरिकेत बर्कली येथून १९७३ साली ‘हार्ट्‌स ऑफ स्पेस’ आणि फिलाडेल्फियाहून १९७६ साली ‘स्टार्स एंड’ असे रात्रीचे कार्यक्रम सुरू झाले. मध्ये न बोलता संगीत चालू ठेवावयाचे आणि नावे मागाहून सांगावयाची, ही पद्धत मला फार आवडते.

वाचकहो, हे सारे परदेशचे झाले, असे आपण म्हणाल. पण थोडे थांबा. अमेरिकेतील टेरी रायली हा या परंपरेचा एक आद्य वादक. त्याची ‘अ रेनबो इन कर्व्ह्‌ड एअर’ १९६९ सालची. १९७० साली तो किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा गंडाबंध शागीर्द झाला आणि पुढील सव्वीस वर्षे, गुरूंच्या निधनापर्यंत, शिकत राहिला. प्राणनाथांचे गुरू उस्ताद अब्दुल वहीद खाँ. आपल्या हिराबाई बडोदेकरांनाही याच वहीद खाँसाहेबांची तालीम होती. म्हणजे नात्याने पाहू गेल्यास रायली हा हिराबाईंच्या गुरुबंधूचा शिष्य! त्याची १९८० साली निघालेली ‘श्री कॅमल’ ऐकताना हे ध्यानात ठेवावे. त्याने आपला विजेचा ऑर्गन नैसर्गिक स्वरांतरांत जुळवून घेतला होता. पेटीचे स्वर खरे नव्हेत म्हणून १९४० साली आपल्या नभोवाणीने तिला दार बंद केले होते. त्या जुन्या तक्रारीला जणू हे एक उत्तरच आहे.

मुंबईत तर याहून नवल घडले. चरणजितसिंग हे हिंदी चित्रपटसृष्टीत वाद्यवृंदात वाजवणारे कलावंत. त्यांनी १९८२ साली जपानी बनावटीची तीन नवी यंत्रे एकमेकांना जोडली आणि त्यांवर भैरव, ललत, तोडी, मधुवंती, मालकंस असे दहा राग द्रुत नृत्यलयीत वाजवून तबकडी काढली. त्यांतील एका यंत्राला स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची सोय होती, आणि आपल्या मींडेला याहून जवळचे यंत्र तेव्हा मिळाले नसते. पण तबकडी खपली नाही. कोणी कोणाला ती सुचवली नाही. १९८७ साली शिकागोत त्याच यंत्राच्या आवाजातून नृत्यसंगीताचा एक नवा प्रकार उदयास आला, तेव्हा मुंबईत पाच वर्षांपूर्वी असेच काही वाजून गेले होते हे तेथे कोणाच्या गावीही नव्हते. २००२ साली एका डच संग्राहकाला दिल्लीत तिची एक जुनी प्रत मिळाली. त्याने ती इतरांना ऐकवली, चरणजितसिंगांचा शोध घेतला आणि २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध केली. साठी ओलांडलेल्या सिंगांना त्यानंतर युरोपात वाजवण्याची निमंत्रणे आली. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. मध्यंतरीची अठ्ठावीस वर्षे ती तबकडी असल्या-नसल्यासारखीच होती. (ही मात्र निजण्यापूर्वी लावू नये, झोप उडेल.)

अहमदाबादची हकिकत याहूनही जुनी. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून दिला. यामागे गीता साराभाई यांची प्रेरणा होती. त्या पखवाज शिकलेल्या; १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीताचे पाठ दिले आणि मोबदल्यात त्याच्याकडून पाश्चात्य संगीत समजावून घेतले. अशी देवघेव हीदेखील शिफारशीचीच एक परी. अहमदाबादच्या त्या स्टुडिओत स्वतः गीताबाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी रचना केल्या. मग यंत्र मुके झाले आणि फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून, स्वच्छ करवून घेतल्या, आणि ‘द एन.आय.डी. टेप्स’ या नावाने १९६९ ते १९७२ या काळातील निवडक रचना २०२३ साली प्रकाशात आल्या. पन्नास वर्षांनंतर त्या संस्थेच्या भिंतींबाहेर सर्वांना ऐकावयास मिळाल्या.

हा संग्रह मिळवून अवश्य ऐका. सारे काही गोड लागेल असे नाही. काही रचना म्हणजे नव्या यंत्राशी केलेली नुसती झटापट आहे, पण त्या झटापटीतही मौज आहे. घरातील वडीलधाऱ्यांना ऐकवावयाचा असेल तर दुपारी, जेवणानंतर, खिडक्या उघड्या ठेवून आणि आवाज लहान ठेवून लावावा. हे इलेक्ट्रॉनिक संगीत आहे असे आधी सांगू नये. अहमदाबादचे आहे, एवढेच सांगावे.