एक्सपोर्ट ६३ टक्क्यांवर का थांबतं?

आज तोफा नाहीत, सीमा नाही. आज व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल बोलू या, कारण त्यानं मला एका शनिवारी रात्री चांगलंच जागवलं.

देवळालीच्या तोफखाना शाळेत १९८३ साली मी यंग ऑफिसर्स कोर्सला होतो. तिथले आमचे एक उस्ताद आता ऐंशीच्या घरात आहेत आणि हैदराबादला मुलीकडे असतात. त्यांच्या नातीनं फोनवर त्यांची मुलाखत रेकॉर्ड केली आणि नीट कापून-जोडून देण्यासाठी मला जबलपूरला पाठवली. सोमवारी सकाळी उस्तादांची हृदयाची शस्त्रक्रिया होती. रविवारी संध्याकाळी सगळं घर जमणार होतं आणि त्यांना ती मुलाखत घरच्यांसोबत बसून बघायची होती. मुलगी फोनवर एवढंच म्हणाली, "काका, रविवारी हवी." पुढचं मी विचारलं नाही.

पहिली अडचण प्लेबॅकची. टाइमलाइनवर क्लिप टाकली तर आवाज पुढे चाललाय आणि उस्ताद तोंड उघडं ठेवून थिजलेले. हीच फाईल साध्या प्लेयरमध्ये अगदी सुरळीत चालत होती. आपल्यातले बरेच जण इथेच चिडतात आणि सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. काही उपयोग होत नाही. दोष कशात आहे ते आधी समजून घ्या.

फोन प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. एक चित्र पूर्ण ठेवतो आणि त्यानंतरच्या चित्रांमध्ये काय बदललं तेवढंच लिहून ठेवतो. थोड्या वेळानं पुन्हा एक पूर्ण चित्र. एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हींचं काम असंच चालतं, त्यात एच.२६५ ची फाईल लहान होते, पण उलगडायला कष्ट जास्त. प्लेयर सरळ पुढे जातो, त्यामुळे त्याला हे जमतं. एडिटिंगमध्ये आपण मध्येच उडी मारतो, मागे जातो, वर दुसरा थर ठेवतो. मधलं एक चित्र दाखवायला संगणकाला आधीच्या पूर्ण चित्रापासून हिशेब मांडत यावं लागतं. तो मागे पडला की चित्र थांबतं. आवाज हलका असल्यामुळे तो पुढे जात राहतो. म्हणून आवाज चालू आणि चित्र बंद असेल तर बहुतेक वेळा फाईल खराब नसते, संगणकाची दमछाक झालेली असते.

यावर सोपा उपाय म्हणजे प्रीव्ह्यू लहान करणं. शॉटकटमध्ये सेटिंग्जमध्ये प्रीव्ह्यू स्केलिंग आहे, दाविंची रिझॉल्वमध्ये प्लेबॅक मेनूतून टाइमलाइनचं रिझोल्यूशन अर्धं किंवा पाव करता येतं. तेवढ्यानं भागलं नाही तर प्रॉक्सी वापरा. प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी नक्कल. कापाकापी नक्कलवर होते आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाईल वापरली जाते. केडेनलाइव्हमध्ये प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू करता येते. माझ्या आठ जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर प्रॉक्सीशिवाय मी हात घालत नाही.

फोनच्या क्लिपचा आणखी एक खोडसाळपणा आहे. फोन सेकंदाला ठरावीक ३० चित्रं घेतोच असं नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, की वेग खालीवर होतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. एडिटरचा हिशेब मात्र ठरावीक वेगावर चालतो. मग वीस मिनिटांनी ओठ आणि आवाज यांची फारकत होते. अशी क्लिप आधीच हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून स्थिर फ्रेम रेटवर आणून घ्यावी. शॉटकट तर अशी फाईल उघडताना स्वतःच रूपांतर करू का म्हणून विचारतं. आपण घाईत 'नाही' दाबतो. मीही दाबलं होतं.

एवढं करून रात्री साडेदहाला ४२ मिनिटांची मुलाखत तयार झाली. एक्सपोर्ट लावलं, चहा केला. येऊन बघतो तर ६३ टक्के. चहा संपला तरी ६३ टक्के. मग सॉफ्टवेअर गायबच झालं. पुन्हा लावलं, पुन्हा ६३.

एक्सपोर्ट अडलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: दर वेळी त्याच जागी अडतं का? कधी २० टक्क्यांवर, कधी ७० वर थांबत असेल तर संगणकाकडे बघा. तो तापतोय का, मेमरी भरतेय का, डिस्कवर जागा आहे का, लॅपटॉप मध्येच झोपी जातोय का. पेन ड्राइव्हवर थेट एक्सपोर्ट करत असाल आणि काम ४ जीबीच्या आसपास मोडत असेल तर ड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीचा असणार. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही, मग ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. एक्सपोर्ट आधी संगणकाच्या डिस्कवर करा. हार्डवेअर एन्कोडरची खूण काढूनही एकदा बघा. वेळ जास्त लागेल, पण ग्राफिक्स कार्डाचा गोंधळ असेल तर तो लगेच कळेल.

दर वेळी त्याच जागी अडत असेल तर खोट टाइमलाइनवर आहे. ती शोधायची रीत मला उस्तादांनीच शिकवली होती, फक्त तोफेसाठी. पहिला गोळा लक्ष्याच्या पुढे पडला, दुसरा अलीकडे. लक्ष्य मध्ये सापडलं, याला ब्रॅकेट म्हणतात. मग ते अंतर निम्मं करायचं, पुन्हा निम्मं करायचं. अंदाजानं इकडेतिकडे मारत बसायचं नाही.

४२ मिनिटांचे ६३ टक्के म्हणजे साधारण साडेसव्वीस मिनिटं. टक्केवारीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, म्हणून मी २२ ते ३० हा तुकडा घेतला. तुकडा ठरवायला सुरुवातीची आणि शेवटची खूण लावतात, त्यासाठी टाइमलाइन कापावी लागत नाही. तुकडा अडला. २२ ते २६ सुखरूप निघाला. २६ ते २८ अडला. २७ ते २८ निघाला. राहिलं एक मिनिट. आणि त्या मिनिटात होता एक फोटो.

उस्ताद आणि त्यांच्या तोफेची तुकडी. दहा बाय आठ इंचाची जुनी प्रिंट, नातवानं हौसेनं १२०० डीपीआयवर स्कॅन केलेली. म्हणजे १२,००० बाय ९,६०० पिक्सेल, साडेअकरा कोटी. डिस्कवर ती जेपेग काही फार जागा घेत नव्हती, म्हणून मला संशयच आला नाही. पण उलगडल्यावर दर पिक्सेलला चार बाइट धरले तरी एका प्रतीला सुमारे ४६० एमबी मेमरी लागते. १०८० च्या व्हिडिओचं एक चित्र तेवढ्याच हिशेबानं जेमतेम ८ एमबीचं. त्यावर मी हळूहळू जवळ जाण्याचा झूम लावलेला, आणि एक्सपोर्टला पॅरलल प्रोसेसिंग चालू, म्हणजे अशा अनेक प्रती एकाच वेळी मेमरीत. आठ जीबीत त्या मावणार कशा? सॉफ्टवेअरचा दोष नव्हता, माझा होता.

फोटो ४,००० पिक्सेल रुंद करून बदलला. झूमसाठी तेवढं पुष्कळ होतं. पॅरललची खूण काढली. हे सगळं प्रोजेक्टच्या वेगळ्या नावाच्या प्रतीत केलं. आहे त्याच फाईलवर रात्री एक वाजता प्रयोग करू नयेत. आणि प्रोजेक्ट फाईलमध्ये व्हिडिओ नसतो, हेही सांगून ठेवतो. तो फक्त हुकूमनामा असतो, कोणती क्लिप कुठून कुठवर घ्यायची याचा. बडोद्याच्या एका काकूंनी मला नुसती प्रोजेक्ट फाईल मेल केली आणि विचारलं, चित्र का दिसत नाही? क्लिप त्यांच्याच कपाटातल्या हार्ड डिस्कवर होत्या.

पहाटे पावणेतीनला एक्सपोर्ट १०० टक्के झालं. मी ते लगेच पाठवलं नाही. आधी सुरुवात, शेवट आणि ती साडेसव्वीस मिनिटांची जागा बघितली. ओठ आणि आवाज जुळत होते.

रविवारी रात्री नऊला उस्तादांचा फोन आला. "साहेब, सगळ्यांनी बघितलं. एक चूक आहे. फोटोखाली ७४ लिहिलंय. ७४ ला मी देवळालीत नव्हतोच, ७३ करा."

७३ केलं. या वेळी एक्सपोर्ट कुठेच अडलं नाही, आणि सोमवारी त्यांना आत नेण्याआधी दुरुस्त फाईल नातीच्या फोनवर पोहोचली होती.