अमिगुरुमी

अमिगुरुमी ही लोकरीच्या किंवा सुती धाग्याच्या विणकामातून लहान, भरीव खेळणी घडवण्याची जपानी हस्तकला आहे. जपानी भाषेत 'अमी' म्हणजे विणकाम आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत भराव घालून शिवलेले खेळणे. या दोन शब्दांच्या संयोगातून हे नाव तयार झाले. ही खेळणी बहुधा क्रोशाच्या सुईने विणली जातात. या कलेत शिवणीपेक्षा टाक्यांच्या मोजणीला अधिक महत्त्व असते.

टाके आणि आकार

या विणकामाचा मुख्य टाका म्हणजे मुका खांब. सुई आधीच्या फेरीच्या टाक्यात घालून धागा ओढून घेतला की सुईवर दोन वेढे येतात. पुन्हा धागा घेऊन तो दोन्ही वेढ्यांतून एकदम काढला की मुका खांब पूर्ण होतो. हा टाका आखूड व घट्ट असल्याने आतील भराव बाहेर दिसत नाही. विणकाम गोल गोल, न थांबता, सर्पिलाकार पुढे जाते. त्यामुळे जोड दिसत नाही. परंतु फेरीची सुरुवातही दिसत नाही. म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवतात.

मुक्या खांबाची उंची व रुंदी जवळजवळ सारखी असते. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढली की परिघ सुमारे ६.२८ टाक्यांनी वाढतो. म्हणूनच दर फेरीत सहा टाके वाढवल्यास सपाट चकती तयार होते. वाढ थांबवली की कडा वळून भिंत उभी राहते आणि टाके घटवले की तोंड मिटते. वाढ प्रमाणाबाहेर झाल्यास कडेला झालरीसारख्या चुण्या पडतात. याच गुणधर्माचा उपयोग करून गणितज्ञ डाइना टाइमिना यांनी १९९७ मध्ये अतिपरवलयी पृष्ठाचे क्रोशाचे नमुने विणले.

नवशिक्यांसाठी नमुना : पिल्लू

मध्यम जाडीची पिवळी लोकर, ३ ते ३.५ मिलिमीटरची क्रोशाची सुई, कृत्रिम कापूस आणि मोठ्या नेढ्याची सुई एवढे साहित्य पुरते. तयार पिल्लू साधारण ४ ते ५ सेंटीमीटरचे होते.

फेरी १ : दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीत ६ मुके खांब.
फेरी २ : प्रत्येक टाक्यात दोन खांब (१२).
फेरी ३ : एक साधा, पुढच्यात दोन, असे सहा वेळा (१८).
फेरी ४ : दोन साधे, पुढच्यात दोन, असे सहा वेळा (२४).
फेरी ५ ते ८ : वाढ न करता प्रत्येकी २४.
फेरी ९ : दोन साधे, पुढील दोन टाक्यांचा एक, असे सहा वेळा (१८).
फेरी १० : एक साधा, दोन टाक्यांचा एक, असे सहा वेळा (१२). येथे कापूस भरावा.
फेरी ११ : दोन टाक्यांचा एक; असे सहा वेळा (६).

शेवटी धागा लांब कापून सहाही टाक्यांतून ओवतात, ओढून तोंड बंद करतात आणि टोक आत लपवतात. संपूर्ण शरीरात १९२ मुके खांब होतात. चोच नारिंगी धाग्याने भरतात.

सामान्य चुका

फेरीचा शेवटचा टाका सुटणे ही सर्वाधिक आढळणारी चूक होय. एक टाका सुटला तरी पुढील सर्व फेऱ्यांचा हिशेब बिघडतो आणि गोळा एका बाजूला कलतो. त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर टाके मोजणे, आणि चूक आढळल्यास तेथपर्यंत उसवणे, हाच खात्रीचा उपाय आहे. उलटी बाजू बाहेर राहणे हीदेखील नेहमीची चूक. इंग्रजी 'व्ही'सारखे दिसणारे टाके बाहेरच्या बाजूस असावेत. सैल विणीतून कापूस डोकावत असल्यास बारीक सुई वापरतात.

सुरक्षितता

प्लॅस्टिकचे डोळे, मणी किंवा बटणे निसटून लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. म्हणून तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचे डोळे काळ्या धाग्याने भरतात, सर्व टोके पक्की ओवतात आणि खेळणे देण्यापूर्वी प्रत्येक जोड ओढून पाहतात.