नऊ छर्रे आणि एक खोटा शिक्का

६२०५. भोसरीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये हा आकडा नुसता उच्चारा, समोरचा माणूस कपाटातून एक बेअरिंग काढून तुमच्या हातावर ठेवेल. आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. पाण्याचा पंप, लहान मोटर, कन्व्हेयरचा रोलर, कुठेही सापडणारी ही वस्तू. चिंचवडमध्ये घेतलीत काय, जर्मनीत घेतलीत काय किंवा जपानमध्ये घेतलीत काय, माप तेच. आकडा वाचायचीही एक रीत आहे. पहिला ६ म्हणजे खोल खाचेचं बॉल बेअरिंग, पुढचा २ म्हणजे मालिका, आणि शेवटच्या ०५ ला पाचाने गुणलं की शाफ्टचा व्यास. ६२०८ मध्ये ४० चा शाफ्ट बसतो. (०४ च्या खाली हा हिशेब मोडतो. ६२०३ चं भोक १५ नाही, १७ असतं, आणि आयटीआयमधून नुकतं आलेलं पोरगं हमखास तिथे फसतं.)

आत सहसा नऊ छर्रे असतात, प्रत्येकी ७.९३८ मिलिमीटरचे. हा विचित्र आकडा म्हणजे पाच-सोळांश इंच. सगळं बेअरिंग मेट्रिक मापाचं आणि पोटातले छर्रे मात्र इंचातले! जुन्या सवयी उद्योगात अशा वर्षानुवर्षं टिकून राहतात.

आता हीच वस्तू फोनवर शोधून पाहा. नामांकित कंपनीचा खोका, त्यावर कंपनीचं नाव, बारकोड, होलोग्राम, आणि खाली अर्ध्याहून कमी किंमत. विकणारा दुकानदार असेलच असं नाही. ‘कारखाना बंद केला, सरप्लस माल काढतोय’, ‘प्रोजेक्ट रद्द झाला, पेटी न फोडलेली’, असं म्हणणारा एखादा खासगी माणूस. चाकणच्या मोठ्या गाडी-कारखान्याला माल पुरवणारा छोटा व्हेंडर रात्रपाळीत मशीन बंद पडून बसलेला असतो, सकाळी डिस्पॅच असतो, आणि हा माल ‘उद्याच पाठवतो’ म्हणतो. मोह पडणारच. पुष्कळदा हाती येतं ते डुप्लिकेट.

मजा अशी की हे ज्या पट्ट्यात घडतं, तिथेच बेअरिंग जन्मालाही येतात. मुंबई-पुणे रस्त्याला लागून चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे. ही स्वीडनची कंपनी भारतात १९२३ पासून माल विकत होती आणि १९६१ मध्ये तिची इथली कंपनी स्थापन झाली. दापोडीकडे सरकलात तर आल्फा लाव्हाल, सँडविक, अ‍ॅटलस कॉप्को अशी आणखी स्वीडिश नावं भेटतात. बर्फाच्या देशातल्या इंजिनिअरांना हा रस्ता का मानवला, हा वेगळ्या लेखाचा विषय.

एसकेएफचा जन्मच बिघाडातून झाला. गोथेनबर्गला स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण एका कापडगिरणीत देखभालीचं काम बघायचा. गिरणीखालची जमीन चिकणमातीची, ती खचायची, लांबच लांब शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंग फुटायची. जमीन काही सरळ होणार नाही, तेव्हा बेअरिंगनेच वाकडेपणा सोसावा, असा विचार करून त्याने १९०७ मध्ये आपोआप सरळ राहणारं दोन ओळींचं बेअरिंग तयार केलं आणि त्यावर कंपनी उभी राहिली. त्याच्या आधी, १८८३ मध्ये, जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला फ्रीडरिश फिशरने छर्रे गोल घासायचं यंत्र बनवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांनी १९४३ मध्ये त्याच श्वाइनफुर्टवर मोठे हवाई हल्ले केले. हिशेब साधा होता: बेअरिंग थांबली की रणगाडे आणि विमानं थांबतील.

एवढं महत्त्व असलेल्या या वस्तूत असतं तरी काय? दोन कडी, मधली जाळी, थोडं ग्रीस आणि छर्रे. छर्रा कसा होतो ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. पोलादाच्या तारेचा तुकडा दोन अर्धगोल साच्यांमध्ये दाबला जातो. बाहेर पडलेल्या गोळीच्या कमरेला जादा धातूचं कडं असतं, शनीसारखं. ते घासून काढतात, मग गोळ्या साधारण ८४० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवतात आणि पुन्हा दीड-दोनशे अंशांवर मुरू देतात. पोलाद आता रॉकवेल मापावर ६० च्या आसपास कडक झालेलं असतं. मग खाचा असलेल्या दोन जाड तबकड्यांमध्ये या गोळ्या तासन् तास फिरतात. प्रत्येक फेरीत गोळी वेगळ्या अंगाने खाचेत शिरते, जिथे उंचवटा असेल तिथेच आधी घासली जाते, पुन्हा वळते, पुन्हा घासली जाते. शेवटी छर्रा इतका गोल होतो की ज्या यंत्राने तो घासला, ते यंत्रही तितकं अचूक नसतं! दहाव्या श्रेणीच्या छर्र्यात गोलाईची चूक पाव मायक्रॉनपर्यंतच चालते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. त्याच्या पावणेतीनशे चिरफळ्या केल्या तर त्यातली एक म्हणजे ही चूक.

इतका आटापिटा कशाला? छर्रा आणि कडं एकमेकांना टेकतात तो ठिपका डोळ्यांना दिसणारही नाही एवढा असतो, आणि सगळा भार त्याच ठिपक्यातून जातो. बॉल बेअरिंगची स्थिर भारक्षमता ठरवताना या ठिपक्यावर ४२०० मेगापास्कल दाब धरतात. दर चौरस सेंटिमीटरला चाळीस टनांहून अधिक. एवढ्या दाबाखाली पोलादही जरासं दबतं, आणि मधलं तेल क्षणभर जवळजवळ घट्ट होऊन, बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ थराने, दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवतं. नऊपैकी एखादा छर्रा तीन मायक्रॉनने मोठा निघाला तर तोच जादा ओझं उचलेल आणि तोच आधी मरेल. म्हणून एका बेअरिंगमधले छर्रे एकाच लॉटमधले निवडतात. त्यांच्यातला फरक अर्ध्या मायक्रॉनच्या आत.

आणखी आत जाऊ. सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावर नसतो, त्याच्या किंचित खाली असतो, मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्यावर. तिथे पोलादात मळीचा एखादा कण अडकलेला असेल तर तडा तिथून सुरू होतो आणि वर येऊन पापुद्रा उडवतो. बेअरिंगच्या पोलादात साधारण १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं, हे कुणालाही ठाऊक असतं. ही पाककृती गुप्त नाही. अवघड आहे ती स्वच्छता. वितळलेल्या पोलादातला वायू निर्वातात खेचून ऑक्सिजन दहा लाखांत दहा भागांच्याही खाली आणायचा, म्हणजे मळी धरायला तो उरतच नाही.

आता डुप्लिकेट करणाऱ्याच्या बाजूने विचार करा. त्याला कॉपी करायचं ते किती थोडं! खोका छापून मिळतो. होलोग्रामही मिळतो. नाव कोरायला लेझर मार्किंगचं मशीन लागतं, आणि ते या पट्ट्यात असंख्य शेडमध्ये सुट्या भागांवर लॉट नंबर टाकायच्या सरळ कामासाठी उभंच असतं. स्वस्त, बिननावाचं बेअरिंग घ्यायचं, कड्यावर मोठं नाव कोरायचं. नाहीतर वापरलेलं बेअरिंग धुवायचं, पॉलिश मारायचं, नवं ग्रीस भरायचं. या दुसऱ्या प्रकाराची मला जास्त भीती वाटते, कारण ते बेअरिंग खरंच त्या कंपनीचं असतं. फक्त त्याचं आयुष्य संपलेलं असतं. मायक्रोमीटर लावा, ५२ ला ५२ भरेल.

नेमका फरक कुठे पडतो, ते अक्षरांतही दिसतं. नंबरापुढे ‘सी ३’ असेल तर छर्रे आणि कडी यांच्यातला मोकळेपणा नेहमीपेक्षा जास्त ठेवलेला असतो. ६२०५ मध्ये साधा मोकळेपणा ५ ते २० मायक्रॉन, सी ३ चा १३ ते २८. मोटर तापली की शाफ्ट फुगतो, आतलं कडं फुगतं, आणि ही आठ मायक्रॉनची जादा जागा तेव्हा कामाला येते. डुप्लिकेटवाला साध्या बेअरिंगवर सी ३ कोरून मोकळा होतो. त्याच्यासाठी ती दोन अक्षरं आहेत. मोटरीत मात्र जागा संपते, छर्रे आवळले जातात, उष्णता वाढते, आतलं कडं आणखी फुगतं. पुढचं वाइंडिंगवाल्याला विचारा.

आयुष्याचा हिशेब तर अंगावर येणारा आहे. गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विद पाल्मग्रेन या स्वीडिश जोडीने १९४७ मध्ये मांडलेलं सूत्र आजही चालतं. भारक्षमतेला प्रत्यक्ष भाराने भागा, आलेल्या संख्येचा घन करा, तितके दशलक्ष फेरे शंभरातली नव्वद बेअरिंग काढतात. ६२०५ ची क्षमता १४ किलोन्यूटन धरू आणि भार १.४ किलोन्यूटन. दहाचा घन हजार, म्हणजे शंभर कोटी फेरे. मिनिटाला १५०० फेऱ्यांनी अकरा हजार तास. तीन पाळ्यांत मशीन चालवलं तर सव्वा वर्ष. नकली मालाची क्षमता निम्मी असेल तर आयुष्य निम्मं होत नाही, एक-अष्टमांश होतं. दोन महिनेही धड नाहीत. आणि त्या दोन महिन्यांत ते अगदी व्यवस्थित फिरतं, म्हणूनच विकणाऱ्याचा ‘माल चेक करून घ्या, चालू नसेल तर परत’ हा शब्द खोटा ठरत नाही.

हे फक्त बेअरिंगचं नाही. रायफलीवर बसवायच्या नामांकित लाल ठिपक्याच्या साइटच्या हुबेहूब नकला जगभर खासगी विक्रेत्यांकडून खऱ्या म्हणून खपवल्या जातात. त्यातल्या कित्येक मुळात खेळण्यातल्या एअरसॉफ्ट बंदुकीसाठी बनलेल्या असतात. काच लाल ठिपका दाखवते, नाव बरोबर असतं. खऱ्या गोळीचे धक्के बसायला लागले की ठिपका जागचा हलतो. तिथेही आधी सगळं ठीकच दिसतं.

मग शंकेचा माल घरात आल्यावर करायचं काय? एक, बसवायचा नाही. दोन, खोका फेकायचा नाही. बेअरिंग कंपन्यांचं स्वतःचं सांगणं आहे की नुसत्या नजरेने निवाडा करू नका; स्पेलिंगची चूक आणि फिकट छपाई शोधणारा माणूस चांगल्या नकलेपुढे हरतो. एसकेएफचं ‘ऑथेंटिकेट’ नावाचं अ‍ॅप आहे. त्यात खोक्याचे आणि कोरलेल्या खुणांचे फोटो पाठवले की कंपनीची माणसं तपासून कळवतात. शेफलर आणि एनएसके यांचीही अशी अ‍ॅप आहेत. पेटी मोठ्या किमतीची असेल तर एक नग कापून प्रयोगशाळेत कडकपणा आणि धातू तपासता येतो, पण मला विचाराल तर आधी कंपनीकडे जावं. खुणांचा मेळ त्यांनाच लागतो.

पैसे परत मिळवायची वाट मात्र खाचखळग्यांची आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार बनावट निघालेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निवारण करायचं असतं. पण जो माणूस नेहमीचा धंदा म्हणून नव्हे, तर वैयक्तिकरीत्या एखादी वस्तू विकतो, त्याला हे नियम लागू नाहीत. ‘सरप्लस काढतोय’ म्हणणारा नेमका याच आडोशाला उभा असतो. दुसरा खड्डा खरेदीदाराच्या बाजूला. धंद्यासाठी घेतलेल्या मालावर ग्राहक कायदा चालत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः लेथ चालवणाऱ्याला त्यात सूट आहे, त्याने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनपासून सुरुवात करावी. बाकीच्यांना १९३० चा माल-विक्री कायदा उरतो: वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. हा जुना कायदा खासगी विक्रेत्यालाही सोडत नाही. पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर सायबर फसवणुकीचा नंबरही योगायोगाने १९३० च.

बनावट नाव कोरणं आणि तसा माल विकणं हा ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते २ लाखांचा दंड. त्यात धाड घालायला उपअधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी ट्रेडमार्क निबंधकाचं मत घ्यावं लागतं, म्हणून चाकण किंवा भोसरीच्या पोलीस ठाण्यात एकट्याने जाण्यापेक्षा कंपनीच्या कायदा विभागाला बरोबर घेतलेलं बरं. बिल, जीएसटी नंबर, चॅट, पैसे दिल्याची नोंद, सगळं द्यायचं. आणि एक मोह टाळायचा: आपण फसलो म्हणून तोच माल शेजारच्या शेडमध्ये थोड्या कमी भावाने सरकवणं. जाणूनबुजून तसं केलं की गुन्हेगार आपण होतो.

प्रकरण मिटल्यावर उरलेले नग, आणि खरं तर प्रत्येक जुनं झालेलं खरं बेअरिंगही, भंगारात अखंड द्यायचं नाही. अखंड गेलेलं बेअरिंग धुऊन पुन्हा खोक्यात बसू शकतं. बाहेरच्या कड्यावरून ग्राइंडर फिरवून नाव आणि खाच दोन्ही बिघडवायची, मगच भंगारवाल्याच्या काट्यावर टाकायचं. ग्राइंडर धरताना डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण एवढ्या कडक पोलादाची कपची वाकत नाही, उडते.