रेडिएशन हुकलं, तरी किडनी वाचवायची

किडनीच्या कॅन्सरवर रेडिएशन चालत नाही, असं डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले. रोज थोडा थोडा डोस देण्याच्या जुन्या पद्धतीला ही गाठ दाद देत नसे. मग अचूक नेम धरून मोजक्या बैठकांत मोठा डोस देणारं स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन आलं. मेलबर्नच्या डॉ. शंकर सिवा यांच्या नेतृत्वाखालच्या, 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 70 रुग्णांपैकी एकाचीही गाठ जागच्या जागी पुन्हा वाढली नाही. अनेक देशांतल्या 190 रुग्णांच्या नोंदींत मात्र पाच वर्षांत सुमारे साडेपाच टक्के रुग्णांची गाठ पुन्हा वाढली.

या थोड्यांचं काय? ऑपरेशन जोखमीचं म्हणून रेडिएशन घेतलेलेच त्यांत बहुतेक. कुणाला एकच किडनी असते. ती काढली की डायलिसिस आलंच. म्हणूनच रोबोच्या मदतीने किडनी राखून फक्त गाठ काढण्याचा आटापिटा मला मोलाचा वाटतो.

पण घाई नको. रेडिएशननंतर गाठ महिनोन्‌महिने सावकाश आक्रसते. बायोप्सीत कॅन्सरच्या पेशी दिसल्या तरी त्या वाढणाऱ्याच असतील असं नाही. एकामागून एक स्कॅनमध्ये गाठ मोठी होत गेली, की मग ऑपरेशनचा विचार.

या ऑपरेशनात रोबो आपणहून काही करत नाही. कन्सोलवर बसलेल्या सर्जनचा हात तो पोटातल्या बारीक अवजारांपर्यंत पोचवतो. खरी कसोटी सुरुवातीलाच. किडनीभोवतीची चरबी एरवी सहज सुटते. रेडिएशननंतर ती चामड्यासारखी चिवट होऊन किडनीला चिकटलेली असू शकते. जोरात ओढली तर किडनीचं आवरणच सोलून निघतं. म्हणून तसूतसूने सोडवत जायचं. अल्ट्रासाउंडने गाठीची हद्द ठरवायची, मगच धमनीला क्लॅम्प लावायचा. तिथून घड्याळ सुरू होतं: गाठ कापणं, तळातल्या रक्तवाहिन्या आणि उघडलेली मूत्रवाट शिवणं, हे साधारण 25 मिनिटांत उरकून रक्तपुरवठा सुरू व्हायला हवा. रेडिएशन लागलेला भाग भरून यायला वेळ लागू शकतो, त्यामुळे नंतर लघवी झिरपत नाही ना, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

अशा ऑपरेशनांचा अनुभव जगभरात अजून मोजकाच आहे. तेव्हा किडनीतली फक्त गाठ काढण्याची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जावं. आणि आत गेल्यावर किडनी सुटलीच नाही, तर ती पूर्ण काढायची की थांबायचं, हे भूल देण्याआधी रुग्णाशी बोलून ठरलेलं असावं.