खाली बसणारे ब्रेकचे पेडल : परीक्षा व दुरुस्ती

धारूर तालुक्यातील तेलगाव हे बीड–परळी आणि माजलगाव–धारूर या दोन रस्त्यांच्या चौफुलीवर वसलेले गाव आहे. येथे सहकारी साखर कारखाना असल्यामुळे गाळपाच्या हंगामात रस्त्यांवर वाहनांची रीघ लागलेली असते. ऊस, भाजीपाला, दूध, खते, बियाणे आणि मजूर या सर्वांची ने-आण याच चौफुलीवरून होते. धारूरकडे जाणारा रस्ता पुढे बालाघाटच्या डोंगरात शिरतो आणि तेथे अरुंद वळणांचा घाट लागतो.

पूर्वी उतारावर बैल आपल्या मानेने जू रेटून गाडी आवरीत असत. मोटारीला अशी मान नाही. तिचा सर्व भार चालकाच्या पायाखालील पेडलावर आणि त्यामागील चार मुठी ऑइलवर अवलंबून असतो. म्हणून ब्रेकचे पेडल पायाखाली हळूहळू खाली बसू लागले, तर ती गोष्ट किरकोळ समजू नये. हा दोष घरच्या अंगणातच कसा ओळखावा, त्यातील कोणता भाग शेतकऱ्याने स्वतः दुरुस्त करावा आणि कोठे हात थांबवावा, हे प्रत्येक वाहनधारकास माहीत असणे आवश्यक आहे.

आरंभीच एक भेद लक्षात घ्यावा. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक लोखंडी दांड्यांच्या जोडणीने चालतात. त्यांचे पेडल खोल गेल्यास दांड्यांची लांबी व ब्रेकच्या चकत्यांची झीज पाहावी लागते. जीप, पिकअप व मोटार यांचे ब्रेक मात्र ऑइलच्या दाबाने चालतात. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

ब्रेक कसा चालतो ?

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल (१६२३–१६६२) याने सांगितला. मोटारीचा ब्रेक याच नियमावर आधारलेला आहे. उदाहरणादाखल, चालकाने पेडलावर २५ किलोचा भार दिला आणि पेडलाच्या तरफेने तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १२५ किलो भार पडतो. दट्ट्याचा व्यास २ सेंटिमीटर असल्यास ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० किलो दाब निर्माण होतो. तोच दाब चाकाजवळील ५ सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पोहोचला, की तेथे सुमारे ७८० किलोचा रेटा मिळतो. एवढ्या रेट्याने लायनर ड्रमवर किंवा पॅड डिस्कवर दाबले जातात व चाक थांबते.

याचा अर्थ असा की, ऑइलच्या मार्गात कोठेही बारीक गळती असली, हवा शिरली किंवा आतील रबरी वाटी झिजली, तर दाब टिकत नाही आणि पेडल खाली जाते. दोष शोधणे म्हणजे दाब कोठे निसटतो, एवढेच शोधणे होय.

घरच्या चार परीक्षा

समजा, तेलगावच्या एका शेतकऱ्याची पिकअप पावसाळाभर गोठ्याच्या आडोशाला उभी होती. दिवाळीनंतर ती बाहेर काढली, तेव्हा पेडल प्रथम ठीक लागले. परंतु चौफुलीवर वाहन थांबवून पाय दाबून धरला असता ते सावकाश तळाकडे गेले. अशा वेळी त्याने वाहन घाटात नेण्याचा विचार सोडावा आणि ते हळू चालवीत ‘मिस्त्रीकडे नेऊन टाकतो’ असेही म्हणू नये. वाहन जागीच सपाट जमिनीवर उभे करावे, हातब्रेक ओढावा, चाकांच्या पुढे-मागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि पुढील परीक्षा क्रमाने कराव्यात.

पहिली परीक्षा ऑइलच्या पातळीची. बॉनेट उघडून मास्टर सिलिंडरवरील डबीवर कमाल व किमान अशा खुणा असतात, त्या पाहाव्यात. लायनर व पॅड झिजतात तशी पातळी अनेक महिन्यांत थोडी उतरते. हे स्वाभाविक आहे. चार-आठ दिवसांत पातळी उतरली, तर गळती आहे असे निश्चित समजावे. केवळ वरून ऑइल ओतून समाधान मानणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

दुसरी परीक्षा ओलाव्याची. चारही चाकांची आतील बाजू, टायरची भिंत, ड्रममागील पत्रा, रबरी होज आणि लोखंडी पाइपांचे सांधे पाहावेत. काळ्या मातीची धूळ ऑइलने ओल्या झालेल्या जागी चिकटते व तेथे चिखलट डाग पडतो. त्यावरून गळती चटकन सापडते. पेडलाच्या दांड्याजवळ आतून हात फिरवावा. मास्टर सिलिंडर व त्यामागील बूस्टरचा गोल डबा यांच्या सांध्याखालीही पाहावे. सिलिंडरची मागील वाटी फुटल्यास ऑइल बूस्टरमध्ये उतरते; मग बाहेर एक थेंबही दिसत नाही आणि पातळी मात्र घटते.

तिसरी परीक्षा पायाची. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील निर्वात संपून पेडल कडक होते. नंतर पाय एक मिनिट स्थिर धरावा. प्रथम बोटभर हलक्या दाबाने व नंतर पूर्ण जोराने अशी ही परीक्षा दोनदा करावी. कारण झिजलेली वाटी कधी कधी जोराच्या दाबाने सिलिंडरला चिकटून बसते आणि हलक्या दाबात मात्र ऑइल सोडते. पेडल जागेवर राहिल्यास दाब टिकतो आहे. पाय तसाच ठेवून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली जाऊन थांबले, तर तो दोष नव्हे, बूस्टर काम करीत असल्याची खूण आहे. पुष्कळ लोक यालाच बिघाड समजून विनाकारण खर्च करतात.

चौथी परीक्षा पेडलाच्या स्वभावाची. पेडल स्पंजासारखे मऊ लागून दोन-तीनदा दाबल्यावर वर येत असेल, तर नळ्यांत हवा आहे. पहिल्या दाबात खोल जाऊन दुसऱ्या दाबात उंच व कडक लागत असेल, तर मागील ड्रममधील लायनर झिजले आहेत किंवा त्यांचे अंतर वाढले आहे. पेडल कडक लागूनही पाय धरल्यावर सावकाश खाली जात असेल, पातळी उतरत नसेल आणि कोठेही ओलावा नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतील वाट्या ऑइल मागे सोडीत आहेत, असे बहुधा ठरते. आपल्या उदाहरणातील पिकअपचा दोष हाच होय. बराच काळ उभ्या राहिलेल्या वाहनाच्या ऑइलमध्ये दमट हवेतील पाणी मुरते, सिलिंडरच्या आतील भिंतीवर गंज धरतो आणि वाटीची कड त्या खरबरीत भागावरून घासून कापली जाते.

आधुनिक वाहनांच्या मास्टर सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र कप्पे असतात. एक कप्पा निकामी झाला तरी दोन चाकांना ब्रेक लागतो, मात्र पेडल खूप खोल जाते. ‘ब्रेक लागतो तर आहे’ असे म्हणून असे वाहन चालविणे धोक्याचे आहे.

दुरुस्ती

मास्टर सिलिंडर सदोष ठरल्यास दोन मार्ग असतात. आतील भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल, तर रबरी वाट्यांचा संच बदलून भागते. भिंतीवर गंजाचे खड्डे दिसल्यास नव्या वाट्याही थोड्याच दिवसांत कापल्या जातात. तेव्हा संपूर्ण सिलिंडरच नवा बसवावा. हे काम पूर्वी केलेले नसेल, तर जाणत्या मिस्त्रीस घरी बोलावून करून घ्यावे. नवा सिलिंडर वाहनावर चढविण्यापूर्वी शिकंज्यात धरून, त्याच्या तोंडांना लावलेल्या नळ्या पुन्हा डबीत सोडून, दट्ट्या सावकाश दाबावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत आतील हवा काढावी. ही पायरी गाळल्यास पुढे कितीही श्रम केले तरी पेडल मऊच राहते.

नळ्यांतील हवा काढण्याचे काम दोन माणसांचे आहे. हे काम घरी करता येते. एक जण पेडलावर बसतो व दुसरा चाकाजवळील निपल सांभाळतो. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक प्रथम घ्यावे. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या वाहनात ते सामान्यतः मागील डावे असते. पुस्तिकेत निराळा क्रम दिला असल्यास तोच पाळावा. निपलावर पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील ऑइलमध्ये बुडवावे. पेडलावरील मुलाने ‘बाबा, दाबला’ असे सांगावे व पाय धरून ठेवावा. मग निपल पाव फेरा सैल करावा, ऑइल व बुडबुडे बाहेर येऊ द्यावेत आणि निपल घट्ट करून ‘सोड’ म्हणावे. निपल उघडे असताना पाय उचलल्यास हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे संपेपर्यंत हा क्रम चालवावा व डबी रिकामी होऊ देऊ नये.

जुन्या सिलिंडरवर हे काम करताना पेडलाखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे दट्ट्या नेहमीच्या मार्गापलीकडील गंजलेल्या भागात जाणार नाही. एबीएस बसविलेल्या काही वाहनांत हवा काढण्यास विशेष यंत्र लागते. तेथे घरी प्रयोग करू नयेत.

ऑइलविषयी दक्षता

डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच ऑइल वापरावे. इंजिनचे तेल, डिझेल किंवा रॉकेल यांचा थेंबही ब्रेकच्या मार्गात जाऊ देऊ नये. त्यांनी रबरी वाट्या फुगतात आणि सर्व ब्रेक निकामी होतो. नवे डॉट ३ ऑइल २०५ अंश व डॉट ४ ऑइल २३० अंश सेल्सिअस तपमानापर्यंत उकळू नये, असा मानदंड आहे. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा अनुक्रमे १४० व १५५ अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबल्याने असे ऑइल उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी तळाला जाते. म्हणून ऑइल साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे. काढलेले ऑइल पुन्हा वापरू नये. ते विषारी असल्याने पाण्याच्या बाटलीत ठेवू नये, तसेच विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. रंगावर सांडल्यास त्वरित पाण्याने धुवावे. ड्रममधील धूळ फुंकरीने न उडविता ओल्या फडक्याने टिपावी. ती फुप्फुसास अपायकारक असते.

काम झाल्यावर

सर्व सांधे पुसून कोरडे करावेत, पेडल एक मिनिट जोराने धरून पाहावे आणि पुन्हा ओलावा तपासावा. नंतर मोकळ्या सपाट जागी, रिकाम्या वाहनाने, बैलगाडीच्या वेगाने ब्रेक लावून पाहावा. पेडल पुन्हा बसू लागल्यास वाहन चालवून मिस्त्रीकडे नेऊ नये. दोरीनेही ओढू नये, कारण मागील वाहन थांबविण्यास ब्रेकच नसतो. ते दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावे.

घाटात पेडल अकस्मात खाली गेलेच, तर ते भराभर दाबावे, गिअर एकेक करून खाली आणावा, हातब्रेक हळूहळू ओढावा आणि वाहन दरीकडे न जाऊ देता डोंगराच्या बाजूस घ्यावे. परंतु ही शेवटची धडपड होय. खरा उपाय आदल्या दिवशीच्या अंगणात आहे.

गाळपाच्या हंगामात एक दिवस वाहन उभे राहिले, तर भाड्याचे नुकसान होते, हे खरे. तथापि त्याच वाहनाच्या मागील भागात ऊसतोडणीच्या कामास निघालेली माणसे, त्यांच्या कडेवरची लेकरे आणि संसाराची गाठोडी असतात. शेतकरी बंधूंनी पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण पाहावी, त्याचप्रमाणे प्रत्येक खेपेपूर्वी एक मिनिट पेडलावर पाय धरून पाहावा. या एका मिनिटास खर्च काहीच नाही.