ग्रंथांचे सोबती

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भिवंडी तालुक्यांत, मानकोली नांवाचें गांव आहे. खाडीकांठच्या या मुलखाची आजची ख्याति मोठमोठ्या वखारींसाठीं आहे. नाना तऱ्हेचे जिन्नस तेथें उतरतात, कांहीं दिवस विसावतात आणि पुढें घरोघर जातात. वखारींचा कारभार ज्यानें जवळून पाहिला असेल, त्याला एक गोष्ट पुरती ठाऊक असते. माल नुसता आंत असून भागत नाहीं. कोणत्या पेटींत काय आहे व ती पेटी कोणत्या फळीवर आहे, हें लिहिलेलें असावें लागतें. पेटीवरची चिठ्ठी गळून पडली, कीं आंतला जिन्नस जागच्या जागीं हरवतो.

ग्रंथालयालाही हाच नियम लागू आहे. मानकोलीहून फारसें दूर नसलेल्या ठाणें शहरीं विनायक लक्ष्मण भावे प्रभृति मंडळींनीं १८९३ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केलें. अशा संस्थांनीं मराठी पुस्तकें जमवण्याचें, त्यांच्यावर क्रमांक घालण्याचें व तीं वाचकाच्या हातीं देण्याचें व्रत चालविलें. परंतु पुस्तकांबरोबर ग्रंथालयांत आणखी एक परिवार येत असतो, आणि त्याची मात्र बहुधा आबाळ होते. प्रवासवर्णनाच्या मागल्या पुठ्ठ्यांत घडी करून ठेवलेला नकाशा, भाषा शिकविणाऱ्या पुस्तकाबरोबरची तबकडी, संगीतविषयक ग्रंथाबरोबरची ध्वनिफीत, शास्त्राच्या पुस्तकाचे तक्ते, मुलांच्या पुस्तकासोबत येणारे खेळ व ठोकळे – हे सारे ग्रंथांचे सोबती होत. ग्रंथपाल मंडळी यांना ‘ग्रंथेतर साहित्य’ म्हणतात. पुस्तक फळीवर जातें आणि सोबती टेबलाच्या खणांत पडतो. वर्षा दोन वर्षांनीं खण आवरतांना, ही तबकडी कोणत्या पुस्तकाची, हें कोणालाच सांगतां येत नाहीं. दोघेही शाबूत असतात, पण दोघेही निरुपयोगी झालेले असतात.

एकट्या पडलेल्या वस्तूची किंमत काय राहते, हें पाहावयाचें असेल तर सोपाऱ्याचें उदाहरण घ्यावें. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील सोपारें येथें, ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून लोक ओळखत असलेल्या टेकाडाचें उत्खनन केलें. तें टेकाड म्हणजे बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटांत एक दगडी पेटी होती. तींत तांब्याचा करंडक, त्यांत रुप्याचा, त्यांत पाषाणाचा, त्यांत स्फटिकाचा आणि अगदीं आंत सोन्याचा, असे एकांत एक करंडक होते. आणि त्या सोन्याच्या करंडकांत काय असावें? मातीच्या भांड्याचे कांहीं तुकडे! भगवान् बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते श्रद्धेनें जपून ठेवलेले असावेत, असा पंडितजींनीं अर्थ लावला.

हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले, म्हणजे एका ग्रंथालयाच्या छत्राखालीं आले. ती संस्था १८०४ पासूनची, आणि ग्रंथसंग्रहाबद्दल नांवाजलेली. पण महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. भगवानलालजींनीं केवळ वस्तू काढल्या नाहींत. टेकाड कसें होतें, कोणती वस्तु कोठें व कोणत्या क्रमानें मिळाली, हें सविस्तर लिहून त्याच वर्षीं प्रसिद्ध केलें. तो लेख नसता, तर आज पाहणाऱ्याला सोन्याच्या करंडकाचें मोल सोनारही सांगता. पण त्या खापऱ्यांचें मोल सांगण्यास कोणी उरलें नसतें. वस्तूला वाचा देणारी ती लिहिलेली हकीकतच होय.

ग्रंथालयांतील नोंदणीच्या शास्त्रामागें हेंच तत्त्व आहे. पुस्तकाचा सोबती हातीं आला, कीं ग्रंथपालाला प्रथम एका प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें: हा पुस्तकावांचून आपल्या पायांवर उभा राहूं शकतो काय? संगीताच्या ग्रंथाबरोबर आलेली ध्वनिफीत स्वतंत्रपणें ऐकण्यासारखी असेल, तर तिला घरांतील कर्त्या मुलाप्रमाणें वेगळें बिऱ्हाड देणें योग्य. उलट, धड्यांचे नुसते उच्चार असलेली तबकडी पुस्तकावांचून मुकी आहे. तिनें पुस्तकाच्याच घरांत नांदावें. १९७८ सालीं सुधारून निघालेल्या अँग्लो-अमेरिकन नियमावलीनें सोबत्याच्या नोंदीसाठीं चार वाटा सांगितल्या आहेत. त्याची स्वतंत्र नोंद करावी; किंवा मूळ ग्रंथ व त्याचे भाग अशी पायरीपायरीची नोंद करावी; किंवा पुस्तकाच्या नोंदीखालीं टीप द्यावी; किंवा पृष्ठें व आकार जेथें लिहितात, तेथेंच शेवटीं अधिकचें चिन्ह घालून त्याचा उल्लेख करावा. लहान ग्रंथालयांना ही शेवटची वाट सर्वांत सोयीची आहे. ‘२४० पृष्ठें + १ नकाशा’ एवढें लिहिलें, कीं पुस्तक नेणाऱ्याला, परत घेणाऱ्याला आणि उद्यां कामावर येणाऱ्या नव्या माणसालाही कळतें, कीं आंत दोन जिन्नस असावयास हवे.

२०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या नव्या नियमावलीनें यापुढें जाऊन प्रत्येक वस्तूविषयीं तीन प्रश्न विचारण्यास शिकविलें. मजकूर कोणत्या प्रकारचा – लेख, चित्र कीं ध्वनि? तो कळण्यास यंत्र लागतें काय, आणि लागत असल्यास कोणतें? आणि तो कशावर उमटविलेला आहे – कागदावर, फितीवर कीं तबकडीवर? हे प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटतात. परंतु यंत्र बदललें कीं त्यांचें मर्म ध्यानांत येतें. १९६३ च्या सुमारास निघालेली कॅसेट एके काळीं घरोघर वाजत होती. आज फीत सांपडते, पण ती वाजविणारें यंत्र सांपडत नाहीं. कोणती वस्तु कोणत्या यंत्राच्या आधारानें जगते, हें ज्या ग्रंथालयानें लिहून ठेवलें असेल, त्यालाच यंत्र नाहींसें होण्यापूर्वी तिची नवी प्रत करून घेणें सुचेल.

नोंद झाल्यावर बाकीची व्यवस्था सोपी आहे. पुस्तकावर जो क्रमांक, तोच सोबत्यावर घालावा. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘सोबत तबकडी एक’ असें ठळक लिहावें. तबकडीच्या अंगावर कागद चिकटवूं नये. फिरतांना तिचा तोल जातो. क्रमांक पाकिटावर व मधल्या कड्याजवळ घालावा. फिती उभ्या ठेवाव्या आणि लोहचुंबकापासून दूर ठेवाव्या. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत फितीला व छायाचित्रांना बुरशी लवकर धरते. तेव्हां कोरडी जागा पाहावी. पुस्तक देतांना आणि घेतांना सोबती आहे कीं नाहीं, हें दोन्ही वेळां पाहावें.

या शिस्तीचें मोठें फळ महाराष्ट्रांतच पाहावयास मिळतें. हेमा राईरकर व गी पॉइतवां यांनीं खेडोपाडींच्या स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या जमविण्याचें काम हातीं घेतलें. हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. पुढें बर्नार बेल यांनीं शंभराहून अधिक तासांचें गायन ध्वनिमुद्रित केलें. एकीकडे कागदावर उतरविलेली ओवी आणि दुसरीकडे फितीवरचा गळा. यांची गांठ राहिली ती केवळ क्रमांकामुळें, गाणारणीच्या नांवामुळें आणि गांवाच्या नोंदीमुळें. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेनें त्या ओव्या महाजालावर प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांच्या कार्यकर्त्यांना त्या नोंदींच्या आधारें गांवोगांवीं जाऊन कित्येक गाणारणींना पुन्हां भेटतां आलें. जातें घरांतून गेलें, पण जातें ओढणारीचें नांव राहिलें. नोंद केली नसती, तर ‘एका खेडवळ बाईचा आवाज’ एवढेंच आपल्या हातीं लागतें.

हा विषय ग्रंथपालांचा म्हणून आपण सोडून द्यावा, असा नाहीं. जुने वाडे पडत आहेत, एकत्र कुटुंबांच्या वांटण्या होत आहेत, आणि वडिलार्जित पुस्तकांच्या पेट्या ग्रंथालयांकडे देणगी म्हणून जात आहेत. त्या पेट्यांत पोथ्यांबरोबर मुंजीचीं छायाचित्रें असतात, कीर्तनाच्या फिती असतात, आजोबांनीं आंखलेला शेताचा नकाशा असतो. चित्रांतील डावीकडची तिसरी सुवासिनी कोण, फितीवरचा आवाज आत्याचा कीं मावशीचा, हें सांगणारीं माणसें घरांत आज आहेत. दहा वर्षांनीं कदाचित् नसतील. ग्रंथपाल कितीही दक्ष असला, तरी जें कोणींच त्याला सांगितलें नाहीं, तें तो कोठून लिहिणार?

यासाठीं फार मोठा खटाटोप नको. एक वही घ्यावी आणि तींत पांच रकाने आंखावे: वस्तु काय, कोणाची, कोणत्या सालची, कोणत्या पुस्तकाशीं वा प्रसंगाशीं तिचा संबंध, आणि ती ठेवली कोठें. तोच क्रमांक वस्तूच्या पाकिटावर घालावा. दुपारच्या निवांत वेळीं आजीच्या जवळ बसून नातवंडांनीं एकेक चित्र दाखवावें आणि ती सांगेल तें लिहून घ्यावें. मुलांना नातीगोतीं कळतील, आजीला आपल्या आठवणींना कोणी विचारतें याचें समाधान लाभेल, आणि पेटी उद्यां ग्रंथालयाकडे गेलीच, तर वही तिच्याबरोबर जाईल. पेटीबरोबर दिलेली अशी वही हीच मोठी देणगी होय.