भाड्याचे मळणी यंत्र आणि ठेक्याची कामे

सोयाबीनची कापणी सुरू झाली की मराठवाड्यात मळणी यंत्रांना उसंत नसते. अशा वेळी एखादा उमेदीचा तरुण दुसऱ्याचा ट्रॅक्टर व मळणी यंत्र भाड्याने घेतो आणि गावोगाव मळणीचे ठेके धरतो. भांडवल न गुंतविता चार पैसे मिळविण्याचा हा मार्ग वरवर सोपा दिसतो. परंतु भाडे दिवसावर चालते व मिळकत क्विंटलवर. या दोहोंमधील सारी जोखीम ठेका घेणाऱ्याच्या माथी येते.

आमच्या भागातील एका पदवीधर तरुणाचा 2022 सालचा हिशेब पाहण्याजोगा आहे. दिवसाचे भाडे 4,000 रुपये, डिझेल 2,700 रुपये व तिघांची मजुरी 1,500 रुपये, असा एकूण खर्च 8,200 रुपये होई. क्विंटलला 250 रुपये दराने 40 क्विंटल मळणी झाली म्हणजे 10,000 रुपये येत. शिल्लक 1,800 रुपये. बोली दहा दिवसांची होती. त्यांपैकी तीन दिवस परतीच्या पावसाने शेंगा दमट झाल्यामुळे व एक दिवस बेअरिंग जळाल्यामुळे यंत्र उभे राहिले. डिझेल व मजुरी वाचली, भाडे मात्र चुकले नाही. सहा दिवसांत 10,800 रुपये मिळाले आणि चार दिवसांत 16,000 रुपये गेले. बेअरिंगचा खर्चही त्याच्याच अंगावर पडला, कारण दुरुस्ती कोणी करावयाची हे कोठेच लिहिलेले नव्हते.

बुडालेला दिवस भरून काढण्याच्या घाईत आणखी एक नुकसान होते, व ते शेतकऱ्याचे असते. सोयाबीनचे टरफल फार नाजूक असते. बियाण्याची मळणी करताना ड्रमचे फेरे मिनिटास 400 ते 500 हून अधिक ठेवू नयेत. काम उरकण्यासाठी वेग वाढविला की दाणा फुटतो, आणि वरून धड दिसणारा दाणाही पुढे उगवत नाही. याच घाईत रात्रीच्या अपुऱ्या उजेडात मजुराचा हात यंत्राच्या तोंडात जातो. मळणी यंत्रावरील अशा अपघातांमुळेच 1983 साली धोकादायक यंत्रांसंबंधी कायदा करावा लागला. पीक आत सारण्याचा पन्हळ आखूड किंवा उघडा असेल, तर ते यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

विम्याचा कागदही स्वतः वाचावा. स्वतःच्या शेतीकामासाठी उतरविलेला ट्रॅक्टरचा विमा भाड्याच्या कामावर असताना झालेल्या अपघातास लागू होईलच असे नाही. विमा कंपनी हरकत घेऊ शकते.

यंत्र ताब्यात घेताना पट्टे, बेअरिंग, चाळण्या व टायर यांची स्थिती दोघांनी मिळून पाहावी आणि सहीनिशी लिहून ठेवावी. पावसाच्या दिवसाचे भाडे, मोठ्या बिघाडाचा खर्च व अनामत रकमेची परतफेड यांविषयीही लेखी ठराव करावा. ओळखीच्या माणसाशी कागद करण्याचा आपल्याकडे संकोच वाटतो. पण भांडणे बहुधा ओळखीच्यांतच होतात!

त्या तरुणाने 2023 साली भाडे दिवसावर न ठरविता क्विंटलमागे 110 रुपये ठरविले. मालक प्रथम नाखूश होता. चांगल्या दिवशी आपल्याला 4,400 रुपये मिळतील हे पाहून तो राजी झाला. तरुणाची चांगल्या दिवसाची शिल्लक 1,400 रुपयांवर आली. पण पावसात यंत्र उभे राहिले, तर भाड्याचे देणे चढत नव्हते.